एकच 'आईल' लग्नात, विमानात आणि दुकानात... मराठीत काय लिहू?

शब्दांची_हमाल

नमस्कार मंडळी,

डोकं पार भंजाळलंय म्हणून धागा काढतेय. मी सबटायटलचं काम करते, इंग्रजी सीरिजना मराठी सबटायटल. सध्या जी हातात आहे तिचं नाव सांगता येणार नाही, पण एका लग्नाच्या तयारीवर आहे आणि त्यात 'आईल' हा शब्द इतक्या वेळा येतो की आता स्वप्नातही तोच दिसतो. तोच तो, ए आय एस एल ई वाला, ज्यातला एस लिहितात सगळे आणि उच्चारत कोणीच नाही.

पहिल्या भागात घरात भांडण, नवरी चर्चमध्ये आईलवरून कोणाबरोबर चालणार, सख्ख्या बापाबरोबर की सावत्र. दुसऱ्या भागात तीच बाई विमानात आईल सीटसाठी हट्ट धरते कारण तिला सगळ्यात आधी उतरायचंय. तिसऱ्यात ती मोठ्या दुकानात उभी आणि स्पीकरवर घोषणा होते की सात नंबरच्या आईलमध्ये काहीतरी सांडलंय. मला आधी वाटलं योगायोग. मग शेवटचा भाग बघितला तर ती म्हणते, माझं अख्खं आयुष्य आईलमध्येच गेलं. म्हणजे लेखकाने मुद्दाम हा शब्द सगळीकडे पेरून ठेवलाय आणि मी तीन ठिकाणी तीन शब्द लिहून मोकळी झाले होते, चर्चला 'मार्गिका', विमानात 'पॅसेजकडची सीट', दुकानात 'रांग'. शेवटच्या वाक्याची माती.

त्यात रिव्ह्यूअरने शेरा मारलाय की नवरी जिथून चालते ती मुळात आईल नसतेच. हे काय नवीन? आणि कोणी जाणकार असेल तर हेही सांगा की ती बापाचाच हात धरून का चालते, तसा नियम आहे का, कारण त्या भांडणाच्या सीनमध्ये कोणता शब्द किती जोरात लावायचा ते त्यावर ठरणार आहे. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

निवांत_माणूस

मधली वाट. बास.

खांब_मोजणारा

रिव्ह्यूअर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, फक्त अडीच-तीनशे वर्षं उशिरा आलाय.

जुन्या मोठ्या चर्चचा आडवा छेद डोळ्यासमोर आणा. मधे उंच, लांबलचक दालन, त्याला म्हणतात नेव्ह. त्याच्या दोन्ही अंगांना खांबांची एकेक रांग आणि खांबांच्या पलीकडे कमी उंचीच्या छताचा एकेक लांब पट्टा. हे बाजूचे पट्टे म्हणजे खरी आईल. काही ठिकाणी एका बाजूला दोन-दोन असतात, पॅरिसच्या नॉत्र दाममध्ये तसं आहे, कलोनच्या कॅथेड्रलमध्येही, म्हणजे मधलं धरून एकूण पाच पट्टे. नवरी चालते ती मधल्या नेव्हमधून, बाकांच्या मधल्या रस्त्याने. ती खरोखर मूळ अर्थाच्या आईलमधून चालली असती तर खांबांमागे गडप झाली असती आणि पाहुण्यांना ती फक्त दोन खांबांच्या फटीतून दिसली असती, एक दिसली, नाहीशी झाली, परत दिसली, अशी.

हा शब्द आला लॅटिन 'आला'वरून. अर्थ पंख. फ्रेंचमध्ये त्याचं 'एल' झालं. वरून नकाशा बघितला तर मधलं दालन पक्ष्याचं धड आणि बाजूचे पट्टे पंख, म्हणून ते नाव. जुन्या इंग्रजीभाषकांनी फ्रेंच शब्द घेतला तेव्हा त्यात एस नव्हता. मग बेटाला म्हणतात तो 'आईल' शब्द, आय एस एल ई वाला, उच्चाराला सारखा, त्याच्याशी घोळ झाला आणि त्याचा एस इकडे चिकटला. पुढे कोणीतरी फ्रेंच स्पेलिंगकडे बघून पुढे ए लावला. म्हणजे एस बेटाचा, ए फ्रेंचांचा. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशात हे स्पेलिंग नोंदवतानाच म्हणून ठेवलंय की हे बहुधा चूक आहे, एस नको. ऐकलं कोणी? आणि बेटाच्या 'आयलंड' शब्दातला एस तरी कुठे खरा आहे, तोही असाच शेजाऱ्याकडून उसना आणलेला.

आता ती बाजूची मधे कशी आली. मध्ययुगात बहुतेक लोक चर्चमध्ये उभे असायचे, बाकं फार कमी. नंतर बाकं आली, जागेवर पक्की झाली, आणि बाकांच्या रांगांमधून जायला बोळ उरला. त्या बोळाला इंग्रजीत जवळचा शब्द होता 'ॲली', गल्ली, आणि तो ऐकायला आईलच्या जवळ. दोन्हींची सरमिसळ होत अठराव्या शतकात बाकांमधल्या रस्त्यालाही आईल म्हणायला लागले. तिथून मग नाट्यगृह, आगगाडी, विमान, दुकान. जिथे जिथे दोन रांगांमधून माणूस चालतो ती आईल.

अवांतर एकच. नेव्ह हा शब्द लॅटिन 'नाविस'वरून आला असं मानतात, म्हणजे जहाज. आपली 'नाव', संस्कृतातली 'नौ', त्याच घराण्यातली. काही चर्चमध्ये मधल्या दालनाचं लाकडी छत खालून बघाल तर खरंच उलटी ठेवलेली होडी वाटते. तर ती नवरी चालते नावेतून आणि लोक म्हणतात पंखातून चालली.

चहा_थंड_झाला

धाग्याचं नाव वाचून मला वाटलं गाडीच्या आईलबद्दल आहे. लग्नात आईल, विमानात आईल, म्हटलं सगळीकडे गळती लागलीय का. ताई, एक मनापासून सांगतो, सबटायटलमध्ये 'आईल' तसाच ठेवू नका. 'नवरी आईलवरून चालत येते' हे वाचून अर्ध्या लोकांना ती घसरून पडेल याचीच काळजी लागेल.

आरसा_आणि_पेडल

बारा वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलाय, लग्नं किती वाजवली मोजली नाहीत. आमच्या चर्चमध्ये ऑर्गनवाल्याची पाठ लोकांकडे असायची, म्हणून ऑर्गनवर एक छोटा आरसा लावलेला, गाडीला असतो तसा, आणि त्या वीतभर काचेत मी सगळ्या नवऱ्या बघितल्यात. दारात पांढरं हललं की सुरू करायचं, एवढीच खूण. एकदा दारात पांढरं हललं, मी जोरात सुरू केलं, अख्खं चर्च उठून उभं राहिलं आणि आत आली ती कोणाची तरी मावशी, पांढऱ्या कोटात, उशीर झाला म्हणून घाईघाईने. ती बिचारी मधेच थबकली, मागे जावं की पुढे तिला कळेना, शेवटी ताठ मानेने पूर्ण वाट चालली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. खरी नवरी अजून गाडीतच होती. मी तेच आठ बार चार-पाच मिनिटं फिरवत बसलो.

बापाचा प्रश्न. लोकांना वाटतं ही प्रथा चर्चइतकीच जुनी असणार. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये लग्न लागायचं चर्चच्या दारात, बाहेर. तिथे वचनं, तिथेच अंगठी, आणि मग आत प्रार्थनेला. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या गोष्टीतली ती बाथ गावची बाई सांगते ना, चर्चच्या दाराशी पाच नवरे केले, ते अक्षरशः दाराशीच. १५४९ मध्ये इंग्लंडच्या चर्चचं नवं प्रार्थना-पुस्तक आलं त्यात लिहिलं की जोडप्याने आप्तेष्टांसह चर्चच्या आत यायचं आणि विधी तिथे होणार. म्हणजे तिकडे विधी आत आला तेव्हा ही चालण्याची वाट खऱ्या अर्थाने लग्नाची झाली.

'या स्त्रीला या पुरुषाच्या हाती कोण देतं' हा प्रश्नही त्याच पुस्तकात आहे. त्यामागची समजूत उघड आहे, मुलगी बापाच्या ताब्यातून नवऱ्याच्या ताब्यात. म्हणून बाप हात धरून आणतो आणि तिथे सोडतो. पण आज नियम म्हणून विचाराल तर फार ढिला आहे. इंग्लंडच्या चर्चच्या २००० सालापासूनच्या नव्या पद्धतीत तो प्रश्न ऐच्छिक आहे, हवा तर विचारा, नाहीतर दोन्हीकडच्या आईवडिलांना मिळून विचारा. कॅथलिक विधीत तर असा प्रश्नच नाही, तिथे पाद्रीबरोबर नवरा-नवरी दोघांनी मिळून आत यायचं असं सुचवलंय, पण लोक पिक्चरमध्ये बघतात आणि बाप हवाच म्हणतात. मी कितीदा बघितलंय, पाद्री समजावतोय आणि नवरीची आई ऐकत नाहीये.

ज्यू लग्नात बरेचदा दोघांचेही आईवडील आपापल्या मुलाला घेऊन चालतात, म्हणजे नवराही सोडला जातो, हे मला जास्त पटतं. स्वीडनमध्ये जोडपं एकत्रच चालत जातं अशी पद्धत. २०१० मध्ये तिथली युवराज्ञी व्हिक्टोरिया म्हणाली मला बाबांबरोबर चालायचंय, तर केवढी चर्चा झाली, तिथल्या आर्चबिशपनेही जाहीरपणे नाक मुरडलं. शेवटी तोडगा काढला, राजाने थोडं अंतर सोबत केली, वाटेत नवरा उभा होता, तिथून पुढे दोघं बरोबर. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८६६ मध्ये आपल्या हेलेना नावाच्या मुलीला स्वतः घेऊन चालली होती, नवरा आधीच वारला होता. २०१८ मध्ये विंडसरला मेगन मार्कल अर्धी वाट एकटी चालली, पुढचा भाग सासऱ्याबरोबर. आणि १९८१ मध्ये डायना, पंचवीस फुटांचा झगा मागे घोळतोय, वडिलांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झालेला, ते तिच्या हातावर टेकून चालताहेत की ती त्यांच्या हे कळत नाही, सेंट पॉलमधलं ते अंतर कापायला त्यांना साडेतीन मिनिटं लागली. साडेतीन मिनिटं ऑर्गनवाल्याला विचारा किती मोठी असतात.

तर तुमच्या सीनमध्ये सख्खा की सावत्र या भांडणाला चर्चच्या बाजूने फारसा आधार नाही, कोणीही चालेल. भांडण मानाचं आहे. 'तिला कोण सोपवणार' असं लिहिलंत तर झोंबेल, 'तिच्याबरोबर कोण चालणार' लिहिलंत तर मऊ होईल. कोण बोलतंय त्यावर ठरवा.

संगीताचंही सांगून टाकतो. येताना जे टॅं टॅं टटॅं वाजतं ते वॅग्नरचं, १८५० च्या 'लोहेनग्रिन' ऑपेरातलं, आणि जाताना वाजतं ते मेंडेल्सनचं, १८४२ चं. ही जोडी रूढ झाली ती १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नापासून. गंमत अशी की ऑपेरात ते गाणं नवरी येताना नाहीच, लग्न लागल्यावर जोडप्याला शयनगृहात नेताना आहे, आणि त्याच अंकात ते लग्न मोडतं. काही चर्चमध्ये वाजवू देत नाहीत ते उगाच नाही.

शब्दांची_हमाल

बाप रे, तुम्ही सगळे! खांब_मोजणारा आणि आरसा_आणि_पेडल, दोघांनाही दंडवत. 'सोपवणार' आणि 'चालणार' हे मला सुचलंच नव्हतं, आजी भांडते तेव्हा सोपवणार आणि नवरी स्वतः बोलते तेव्हा चालणार, ठरलं. आणि तुमची ती पांढऱ्या कोटातली मावशी डोळ्यासमोरून जात नाहीये.

चहा_थंड_झाला, 😂 पटलं, आईल बाद.

पण विमान आणि दुकान तसंच आहे. 'पॅसेजकडची सीट' वाचायला बरं वाटतं पण शेवटच्या वाक्यात 'माझं आयुष्य पॅसेजमध्ये गेलं' म्हटलं तर दोन खोल्यांच्या घरात जागा नव्हती असं वाटतं. आणि आज पाचवा भाग उघडला तर बातम्या देणारा म्हणतोय 'अक्रॉस द आईल' सहकार्य झालं. आता हे कुठे घालू?

जंपसीट

विमानातली आईल माझ्याकडे, नऊ वर्षं त्यातच गेलीत, त्यामुळे तुमच्या नायिकेचं ते वाक्य मी रोज म्हणू शकते.

ती केवढी असावी याला नियम आहे. अमेरिकन नियम सांगते, वीस किंवा जास्त प्रवासी असतील तर जमिनीपासून पंचवीस इंचांपर्यंत किमान पंधरा इंच रुंद आणि त्याच्या वर किमान वीस इंच. म्हणजे पायाशी कमी, कमरेशी जास्त, कारण माणूस तसाच असतो. आमची ट्रॉली साधारण तीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे बारा इंच. पंधरा वजा बारा करा आणि मग मला सांगा की तुमचा पाय बाहेर काढून झोपणं योग्य आहे का. आईल सीटवाल्यांचे गुडघे, कोपर आणि एकदा तर एका आजोबांची बाहेर लोंबणारी जपमाळ, सगळं माझ्या ट्रॉलीला लागलेलं आहे.

दुसरा नियम, एकच आईल असलेल्या विमानात एका बाजूला सलग तीनपेक्षा जास्त सीट लावता येत नाहीत. म्हणून ए३२० काय आणि ७३७ काय, तीन अधिक तीन, सहा. सातवी सीट हवी तर दुसरी आईल काढावी लागते. १९७० मध्ये ७४७ आलं ते पहिलं दोन आईलवालं, आणि आमच्याकडे आजही विमानाचा आकार त्यावरूनच सांगतात, सिंगल आईल की ट्विन आईल. यामागचं कारण आरामाचं नाही, बाहेर पडण्याचं आहे. नवीन विमान मंजूर होताना अर्ध्या दरवाज्यांतूनच सगळी माणसं नव्वद सेकंदात बाहेर काढून दाखवावी लागतात. जमिनीजवळ दिव्यांची किंवा चमकणारी पट्टी असते बघा, धुरात वरचं काही दिसत नाही तेव्हा त्या पट्टीमागे सरपटत जायचं.

एक कामाची गोष्ट, आईलकडचा हात-टेकू वर जात नाही असं सगळ्यांना वाटतं. बऱ्याच सीटना त्याच्या खाली, बिजागरीजवळ, बोटाने चाचपलं तर एक छोटी कळ असते. ती दाबली की वर जातो. ज्यांना चालता येत नाही त्यांना अरुंद चाकाच्या खुर्चीवरून आणतात, ती खुर्ची मुद्दाम या वाटेत मावेल एवढीच असते, आणि तिच्यातून सीटवर सरकायला तो टेकू वर जावाच लागतो.

आम्ही मराठीत बोलताना काय म्हणतो? खरं सांगू, आईलच. पण प्रवासी म्हणतात 'खिडकीची नको, मधल्या वाटेची द्या'. खिडकीची, मधली आणि वाटेची. एवढं साधं आहे ते.

निवांत_माणूस

मी काय म्हणालो होतो.

जुनी_वही

खांब_मोजणारा यांनी पंखापर्यंत आणून सोडलं, तिथून पुढचं आपल्याच घरात आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

संस्कृतात पंखाला शब्द काय? पक्ष. पक्ष आहे म्हणून पक्षी. मग त्याच पक्षाचा अर्थ बाजू, महिन्याची अर्धी बाजू म्हणून शुक्लपक्ष-कृष्णपक्ष, वादातली बाजू म्हणून पूर्वपक्ष, राजकारणातली बाजू म्हणून राजकीय पक्ष, आणि लग्नातली बाजू म्हणून वधूपक्ष आणि वरपक्ष. छपराच्या उतरत्या बाजूला आपण 'पाखं' म्हणतो, तेही तिथूनच. म्हणजे लॅटिनच्या पंखाने जो प्रवास केला, इमारतीच्या बाजूपर्यंत, तोच आपल्या पंखाने केला आणि त्याहून लांब गेला. चर्चमध्ये त्या मधल्या वाटेच्या डाव्या हाताला नवरीकडचे आणि उजव्या हाताला नवऱ्याकडचे बसतात, ज्यू लग्नात बहुधा उलट. म्हणजे एका पंखात वधूपक्ष, दुसऱ्यात वरपक्ष. इंग्रजीत पंख बाजूला राहिला आणि नाव मधल्या फटीला गेलं, मराठीत फट बिननावाची राहिली आणि बाजूंना नाव मिळालं. तुम्हाला शब्द सापडत नाहीये त्याचं कारण हे आहे असं माझं मत.

आता 'अक्रॉस द आईल'. हा अमेरिकन संसदेतला प्रयोग. सभागृहाच्या मधून वाट जाते, अध्यक्षांच्या उजव्या हाताला डेमोक्रॅट, डाव्या हाताला रिपब्लिकन. वाट ओलांडून हात मिळवला म्हणजे दुसऱ्या पक्षाबरोबर काम केलं. राष्ट्राध्यक्षाचं वार्षिक भाषण असतं तेव्हा त्याच वाटेने तो आत येतो आणि टीव्हीवर त्याच्याशी हस्तांदोलन करताना दिसावं म्हणून काही सदस्य वाटेकडची जागा धरायला कित्येक तास आधी येऊन बसतात, विमानातल्यासारखं. २०११ मध्ये ॲरिझोनात एका महिला खासदारावर गोळीबार झाला, त्यानंतर बऱ्याच जणांनी ठरवून एकमेकांत मिसळून बसायचं केलं होतं. ब्रिटनमध्ये मात्र 'फ्लोअर ओलांडणं' म्हणतात आणि त्याचा अर्थ सहकार्य नाही, पक्षांतर. चर्चिल १९०४ मध्ये तसा पलीकडे जाऊन बसला. दोन्हींचा घोळ करू नका, बातमीचा अर्थ उलटा होईल.

तुमच्या बातमीदारासाठी साधं लिहा, 'पक्षभेद बाजूला ठेवून'. पंख आपोआप येतोच त्यात. किंवा फार हौस असेल तर ऐलतीर-पैलतीर आहेच, आईल आणि ऐल, हलके घ्या.

दुकानातल्या आईलबद्दल थोडंसं. १९१६ च्या आधी अमेरिकेत बहुतेक किराण्याच्या दुकानांत गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे आणि माल पलीकडे, गिऱ्हाईकाला चालायला वाट लागतच नव्हती. त्या वर्षी मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्सने पिगली विगली नावाचं दुकान काढलं, स्वतः घ्या आणि दाराशी पैसे द्या. आत शिरलात की फिरत्या दांड्याच्या फाटकातून एकाच दिशेची नागमोडी वाट, सगळी मांडणी बघितल्याशिवाय बाहेर निघता येणार नाही अशी. १९१७ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. तुमच्या नायिकेचं ते आयुष्याचं वाक्य तिथे सगळ्यात चपखल बसेल, आत गेलं की सगळं फिरूनच बाहेर.

थंड_गल्ली

आमच्याकडेही आईल आहे, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. डेटा सेंटर. सर्व्हरची कपाटं समोरासमोर तोंड करून लावतात, त्या दोन रांगांच्या मधे खालून थंड हवा सोडतात, ती कोल्ड आईल. कपाटांच्या पाठी एकमेकांकडे, तिकडे गरम हवा फेकली जाते, ती हॉट आईल. दोन्ही हवा मिसळू द्यायच्या नाहीत, त्यासाठी दरवाजे, पडदे, छत, सगळं. आम्ही मराठी पोरं म्हणतो थंड गल्ली आणि गरम गल्ली. रात्रपाळीला थंडी वाजली की गरम गल्लीत जाऊन उभं राहायचं, पाठ शेकायची. लग्नं काही लागत नाहीत.

तर माझं मत, गल्ली.

शब्दांची_हमाल

जुनी_वही, वधूपक्ष-वरपक्ष वाचून मी खुर्चीतून उठले. हे सबटायटलमध्ये कुठेच बसणार नाही आणि तरी आज दिवसभर तेच सांगत सुटलेय सगळ्यांना.

थंड_गल्ली, गल्ली मी पण धरून बघितली. दुकानात झकास बसते, पण 'नवरी गल्लीतून चालत आली' म्हटलं की मागे कुत्री भुंकतील. एक शेवटचं विचारते, सातव्या भागात एक विनोदी नट म्हणतो लोक आईलमध्ये लोळत होते. हसून हसून हा अर्थ कळला, पण 'लोळत होते' ठेवू की 'पोट धरून'?

आरसा_आणि_पेडल

हसून लोळले एवढंच लिहा, कुठे लोळले ते कोण विचारतंय. पण नाट्यगृहाचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. ज्या वॅग्नरच्या गाण्यावर जगभरच्या नवऱ्या मधल्या वाटेने चालतात, त्याने स्वतः १८७६ मध्ये बायरॉइटला आपलं नाट्यगृह उघडलं, तिथे मधली वाटच नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सलग रांगा, शिरायचं बाजूच्या दारांतून. मधे बसलेल्याला उठायचं असेल तर अख्खी रांग उठते. तिथे लोळायलाही जागा नाही आणि लग्न लावायचं झालं तर नवरीला तीस जणांचे गुडघे ओलांडत यावं लागेल.

खांब_मोजणारा

हे माहीत नव्हतं. वा!

शब्दांची_हमाल

तर मंडळी, पाठवून दिलं. निवांत_माणूस यांच्या तीन शब्दांपुढे आपल्या सगळ्यांचं पांडित्य हरलं हे कबूल करते. सगळीकडे 'वाट' ठेवली. चर्चमध्ये 'त्या वाटेवर तुला कोण सोपवणार' (आजी) आणि 'त्या वाटेवर माझ्याबरोबर कोण चालणार' (नवरी), विमानात जंपसीट यांनी सांगितलेलं 'वाटेची सीट', दुकानात 'सात नंबरच्या वाटेत काहीतरी सांडलंय', ही जरा ओढूनताणून आहे पण चालवून घेतली. बातम्यांमध्ये 'पक्षभेद बाजूला ठेवून', तिथे वाट सोडली.

आणि शेवटचं वाक्य 'माझं अख्खं आयुष्य वाटेतच गेलं'. लिहिल्यावर दोनदा वाचलं मी ते. मूळ इंग्रजीत तिने आयुष्यभर कोणाची तरी वाट बघितली हा अर्थ नाहीये, मराठीत तो फुकट आला.

शब्दांची_हमाल

रिव्ह्यूअरचं उत्तर आलं. सगळं पास, एक शेरा. 'सात नंबरच्या वाटेत काहीतरी सांडलंय' याच्या खाली लिहिलंय, 'वाट लागली असं म्हणायचंय का? कृपया खुलासा करावा.'

निवांत_माणूस

तिथे गल्ली करा.